निदानापूर्वीचे मौन : एचआयव्हीविषयक मराठी लेखनाची चिकित्सा (जालना जिल्ह्याच्या संदर्भात)

एचआयव्हीचा संसर्ग दीर्घकाळ मुका असतो. विषाणूने शरीरात प्रवेश केल्यानंतर कित्येकदा आठ ते दहा वर्षे माणूस चारचौघांसारखा जगतो. कामावर जातो, लग्न करतो, त्याला मुलेबाळे होतात. या काळात रक्ताची चाचणी हेच संसर्ग कळण्याचे साधन असते. चाचणी मात्र आपोआप घडत नाही. ती घडण्यापूर्वी त्या माणसाने स्वतःशी आणि नंतर निदान एका तरी परक्या माणसाशी काही बोलावे लागते. ‘मला धोका असू शकतो’ हे वाक्य ज्याच्याजवळ नाही तो समुपदेशकाच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. हे वाक्य माणसाला त्याची भाषा पुरविते, आणि ते पुरविण्याच्या कामात आरोग्य खात्याची पुस्तिका, पथनाट्य, कादंबरी, चित्रपट या सर्वांचा वाटा असतो.

मराठी लेखनाने हे काम एका विशिष्ट माणसाच्या बाबतीत कितपत केले, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. हा माणूस म्हणजे पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारा, बहुधा विवाहित, स्वतःला कोणतेही नाव न देणारा आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात राहणारा पुरुष होय. त्याच्यासाठी या विषयाचे महत्त्व काल्पनिक नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०१७ सालच्या प्रहरी सर्वेक्षणात गर्भवती स्त्रियांमध्ये संसर्गाचे प्रमाण ०.२८ टक्के, तर पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये २.६९ टक्के आढळले. त्याआधी २०१४-१५ मध्ये झालेल्या जैविक व वर्तनविषयक पाहणीत या पुरुषांमधील प्रमाण ४.३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असल्याने त्यांची सरळ तुलना करणे योग्य ठरणार नाही. परंतु सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा या पुरुषांना असलेला धोका अनेक पटींनी अधिक आहे, एवढे दोन्हींतून निःसंशय दिसते. शिवाय हे आकडे ज्यांच्यापर्यंत पाहणी करणारे पोहोचू शकले त्यांचे आहेत. जे सापडले नाहीत त्यांच्याविषयी ते काही सांगत नाहीत.

‘संसर्ग आहे, पण ठाऊक नाही’ ही अवस्था केवळ मागास भागाची आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००८ साली २१ शहरांत आठ हजारांहून अधिक समलिंगी व उभयलैंगिक पुरुषांची तपासणी केली. त्यांतील १९ टक्के पुरुष बाधित आढळले आणि बाधितांपैकी ४४ टक्के जणांना आपल्या संसर्गाची कल्पनाच नव्हती. तरुणांमध्ये हे अज्ञान अधिक होते. तीस वर्षांखालील बाधितांपैकी ६३ टक्के अनभिज्ञ होते. ज्या देशात या विषयावर उघड बोलण्याची दोन दशकांची परंपरा होती, ज्या शहरांत समलिंगी वसाहती, नियतकालिके आणि दवाखाने होते, तेथील ही स्थिती आहे. मग जेथे या अनुभवाला नावच नाही, तेथे काय असेल?

जिल्हा आणि त्याचे पुरुष

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार होती. ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण व्यापारी पेठेच्या वैभवकाळाची. आज शहराची ओळख पोलादाचे कारखाने आणि बियाणे उद्योग यांनी होते. अंबड-घनसावंगीकडे मोसंबी व ऊस, तर परतूर-मंठा भागातून दरवर्षी ऊसतोडीसाठी बाहेर पडणारी कुटुंबे. पोलाद कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारकडील मजूर एकेका खोलीत दाटीवाटीने राहतात. मालवाहतुकीचे ट्रक रात्रंदिवस ये-जा करतात आणि प्रत्येक ट्रकवर चालकाबरोबर बहुधा एक क्लीनर असतो.

एड्स नियंत्रणाच्या परिभाषेत या सर्वांना जागा आहे. ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर हे त्या परिभाषेत ‘सेतू गट’ मानले जातात. म्हणजे वेश्यावस्तीतील संसर्ग घरातील पत्नीपर्यंत वाहून नेणारा पूल. ही कल्पना साथीच्या अभ्यासात उपयुक्त ठरली यात शंका नाही. पण या पुलाची दोन्ही टोके आधीच ठरलेली आहेत. एका टोकाला शरीरविक्रय करणारी स्त्री, दुसऱ्या टोकाला विवाहित स्त्री. चालकाला विचारला जाणारा प्रश्न ‘बाहेर बाईकडे जाता का?’ हा असतो. त्याचा आणि क्लीनरचा काही संबंध असू शकेल, खोलीतील दोन मजुरांचा असू शकेल, ही शक्यता प्रश्नातच नसल्याने उत्तरातही येत नाही. चालक प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो आणि त्याच्यापुरता धोका संपल्याची नोंद होते. (ऊसतोडीच्या बाबतीत ही पुलाची उपमा आणखीच अपुरी पडते, तेथे ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पुरुष एकटा जातच नाही.)

दुसऱ्या बाजूला, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी जे लक्ष्यगट हस्तक्षेप प्रकल्प राबविले गेले, त्यांची आखणी ठिकाणांवरून झाली. बसस्थानक, रेल्वेस्थानक, उद्यान, सार्वजनिक स्वच्छतागृह अशी ठिकाणे शोधावयाची, तेथे येणाऱ्यांची गणना करावयाची आणि त्यांच्यातूनच सहशिक्षक नेमावयाचे, ही पद्धत. ‘कोती’ म्हणून ओळखला जाणारा, हावभावांत स्त्रीत्व असलेला पुरुष या पद्धतीने सापडतो, आणि तो सापडला हे प्रकल्पांचे मोठे यश आहे. त्याच्या जोडीदाराचे काय? त्याला त्या समूहाच्या बोलीत ‘पंथी’ म्हणतात, पण तो स्वतःला काहीच म्हणवून घेत नाही. त्याच्या लेखी आपण साधे पुरुष आहोत, घरी बायको आहे, आणि जे घडते ती ‘मस्ती’ आहे. तो त्या ठिकाणी फार वेळ थांबत नाही. अलीकडे भ्रमणध्वनीवरील ॲपमुळे त्याला त्या ठिकाणी येण्याचीही गरज राहिलेली नाही. अशा रीतीने तो सेतू गटाच्या यादीत चुकीच्या प्रश्नासह नोंदला जातो आणि ज्या यादीत त्याला योग्य प्रश्न विचारला गेला असता, तीत त्याचे नाव नसते.

शब्दांची अडचण

येथे मराठीची स्वतःची एक अडचण आहे. स्त्री व पुरुष दोघांविषयी आकर्षण असणाऱ्या व्यक्तीसाठी वृत्तपत्रीय मराठीत ‘उभयलिंगी’ हा शब्द सर्रास वापरला जातो. परंतु ज्या फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात ते उभयलिंगी फूल, हा अर्थ शालेय पुस्तकांनी केव्हाच रुजविला आहे. जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना हे सांगण्याची गरज नाही. परिणामी हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात आकर्षणाची नव्हे, तर शरीररचनेची कल्पना उभी राहते, आणि मंठ्यातील दोन मुलांचा बाप ‘हे आपल्याविषयी नाही’ असे समजतो. ते त्याचे समजणे भाषेच्या दृष्टीने बरोबरच आहे. ‘उभयलैंगिक’ हा अधिक अचूक शब्द गेल्या काही वर्षांत मराठीत आला. तो अद्याप पुस्तिकांच्या बाहेर फारसा पडलेला नाही. ‘समलिंगी’ हा शब्द स्थिरावला आहे, मात्र त्यात एका पूर्ण ओळखीचा दावा आहे. उरलेले शब्द शिव्या आहेत. ‘बायल्या’ म्हणून ज्याला हिणवावयाचे तो दुसरा कोणी तरी असतो. तो शब्द स्वतःला लावून घेऊन कोणी चाचणीला जात नाही.

इंग्रजीतील ‘एमएसएम’ हे लघुरूप नेमके याच अडचणीतून निर्माण झाले. माणूस कोण आहे हे न विचारता तो काय करतो एवढेच पाहावे, हा त्यामागील शहाणपणाचा भाग. परंतु मराठीत येताना ते लघुरूप जसेच्या तसे आले आणि पाहता पाहता एका जमातीचे नाव होऊन बसले. ‘तो एमएसएम आहे’ असे वाक्य आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात सहज येते. कृतीचे वर्णन करण्यासाठी योजलेला शब्द पुन्हा ओळखीचाच झाला आणि ज्याला ओळख नको होती तो पुन्हा बाहेर राहिला.

प्रबोधनाचे कथानक

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ साली चेन्नई येथे आढळला. त्याच वर्षी नामदेव ढसाळ यांचा ‘गांडू बगीचा’ हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. हा योगायोगच, परंतु शिष्ट मराठीने ज्या जागांकडे पाठ फिरविली होती त्या जागा शीर्षकात आणण्याचे धैर्य मराठी कवितेत त्या वर्षी होते, याची नोंद घ्यावी लागते. पुढील दोन दशकांत एड्सविषयी जे विपुल प्रबोधनपर लेखन झाले त्यात या धैर्याचा मागमूस दिसत नाही. १९९२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून व्याख्याने, प्रभातफेऱ्या, पथनाट्ये झाली, पुढे रेड रिबन क्लब स्थापन झाले. या सर्व खटाटोपातून एक कथानक घडले. शहरात गेलेला पुरुष, त्याचे पाऊल घसरणे, गावी परतणे, निष्पाप पत्नी आणि शेवटी पोरके मूल. पथनाट्याच्या पंधरा मिनिटांत बसणारे हे कथानक प्रभावी होते आणि बहुसंख्य कुटुंबांच्या बाबतीत खरेही होते. ग्रामीण महाराष्ट्रात असंख्य स्त्रियांना पतीकडूनच संसर्ग झाला, हे सत्य कमी लेखण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

दोष कथानकाच्या खोटेपणात नसून त्याच्या एकटेपणात आहे. ‘परस्त्रीपासून दूर राहा, पत्नीशी एकनिष्ठ राहा’ हा उपदेश सतत ऐकणाऱ्या तरुणाने त्यातून काढलेला अर्थ असा की, धोका स्त्रीकडून येतो. पुरुषाशी आलेला संबंध हा त्याच्या लेखी व्यभिचार नसतो, कारण त्यात परस्त्री नाही. गर्भधारणेची भीती नाही, म्हणून निरोधचीही आवश्यकता नाही. वस्तुतः गुदमैथुनातून होणाऱ्या संसर्गाची शक्यता योनिमैथुनापेक्षा कितीतरी अधिक असते, कारण त्या भागाचे अस्तर नाजूक असून त्याला सहज इजा होते. प्रबोधनाने संकोचापोटी हे एक वाक्य गाळले. त्यामुळे ज्याला सर्वाधिक धोका तोच स्वतःला सुरक्षित समजू लागला. चांगल्या हेतूने केलेल्या लेखनातील मौन किती महाग पडते याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी चालविलेल्या ‘तारुण्यभान’सारख्या उपक्रमाने किशोरवयीनांशी लैंगिकतेविषयी मोकळे बोलता येते, तेही ग्रामीण मराठीत, हे दाखवून दिले होते. म्हणजे भाषा अपुरी होती हे कारण पूर्णांशाने पुरत नाही.

कादंबरी, नाटक, चित्रपट

ललित साहित्याकडे वळल्यावर चित्र वेगळे दिसते, पण प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने तितकेसे समाधानकारक नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकाने १९८१ साली समलिंगी स्त्रीला मराठी रंगभूमीवर आणले. ते एड्सपूर्व काळातील नाटक; त्यातील एकाकीपणाला रोगाची छाया नाही. मराठी साहित्यात समलिंगी पुरुष ठळकपणे आला तो एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ २००५ मध्ये, सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ मध्ये आणि अमोल पालेकर यांचा ‘थांग’ हा चित्रपट त्याच वर्षी. अवघ्या दोन वर्षांत आलेल्या या तीन कृती वेगवेगळ्या प्रकृतीच्या आहेत.

खिरे यांचे लेखन उघडपणे सामाजिक हेतूने झालेले आहे. पुण्यात २००२ साली त्यांनी स्थापन केलेल्या समपथिक ट्रस्टच्या कामाचाच तो विस्तार म्हणता येईल. ‘पार्टनर’मध्ये एका समलिंगी तरुणाचा आत्मस्वीकारापर्यंतचा प्रवास आहे. कलात्मकतेच्या कसोटीवर या कादंबरीला कमी गुण देण्याची रूढी समीक्षकांत आहे; मात्र तिच्या वाचकाने तिच्याकडून जे मागितले ते तिने दिले, हे मान्य करावे लागते. सरळ, बोलल्यासारखी मराठी आणि लैंगिकतेविषयीची नेमकी माहिती ही तिची बलस्थाने आहेत. तिची मर्यादा तिच्या विषयातच आहे. आत्मस्वीकार हे ध्येय ज्याला परवडते अशा माणसाची ती कहाणी आहे. ज्याने लग्न केले, शेती सांभाळली आणि ‘समलिंगी’ हा शब्द कधीच उच्चारला नाही, त्याला ही कादंबरी सांगते की तू आधी स्वतःला स्वीकार. चाचणीसाठी इतकी मोठी अट आवश्यक आहे काय?

‘कोबाल्ट ब्लू’ ही या तिन्हींतील सर्वांत समर्थ वाङ्मयकृती. एकाच घरातील भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्याच्या प्रेमात पडतात, तो निघून जातो आणि दोघे आपापल्या परीने त्याच्या जाण्याचा हिशेब मांडतात. कुंडलकरांनी समलिंगी प्रेमाला समस्येच्या चौकटीतून सोडविले, हे त्यांचे यश थोडेथोडके नाही. रोग हा या कादंबरीचा विषय नाही आणि तो असावयास हवा होता असे म्हणणे समीक्षेच्या दृष्टीने अन्यायाचे ठरेल. तथापि तिच्यातील एक गोष्ट येथे लक्षणीय वाटते. ज्याच्यावर दोघे प्रेम करतात तो पुरुष स्वतः कधीच बोलत नाही. त्याचे नावही वाचकाला कळत नाही. स्त्रीशी आणि पुरुषाशी, दोघांशी संबंध ठेवणारा हा पुरुष कादंबरीचे केंद्र आहे आणि ते केंद्र रिकामे आहे. कलेच्या दृष्टीने हे रिकामेपण अर्थपूर्ण आहे. पण मराठीतील उभयलैंगिक पुरुष इतरांच्या आठवणीतच काय तो उरतो, हेही त्यातून नकळत नोंदले जाते.

‘थांग’मध्ये हा पुरुष विवाहित आहे. पतीचे दुसऱ्या पुरुषाशी संबंध असल्याचे पत्नीला कळते आणि चित्रपट त्या क्षणापासून पत्नीच्या प्रश्नांचा होतो. इंग्रजीत ‘क्वेस्ट’ या नावाने निघालेल्या त्याच्या आवृत्तीस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मध्यमवर्गीय विवाहसंस्थेची ही चिकित्सा गंभीर आहे, पत्नीला बळी न ठरविता विचार करणारी व्यक्ती म्हणून उभे करणारी आहे. जालन्याच्या प्रश्नाशी तिचे नाते सर्वांत जवळचे, अंतरही मोठे. चित्रपटातील दांपत्य सुशिक्षित, शहरी, एकमेकांशी वाद घालू शकणारे आहे. सत्य उघड झाल्यावर त्यांच्यासमोर संवादाचा मार्ग खुला असतो. ‘लग्न झाले की सगळे ठीक होते’ या श्रद्धेवर जेथे मुलाचे लग्न लावून दिले जाते आणि जेथे वंशाला दिवा लागला की त्या श्रद्धेवर शिक्कामोर्तब होते, तेथे सत्य असे उघड होत नाही. ते वेगळ्या मार्गाने येते. पत्नीला दिवस जातात, गर्भवतीच्या नेहमीच्या तपासण्यांत एचआयव्हीची चाचणी होते, ती बाधित निघते आणि मग पतीला बोलावले जाते. पुरुषाचे निदान स्त्रीच्या शरीरातून होते. मराठी साहित्याने हा प्रसंग अनेकदा लिहिला आहे, पण त्यानंतर समुपदेशकाच्या खोलीत पुरुष जे एक वाक्य गिळून टाकतो ते लिहिलेले नाही. ‘बाहेर गेलो होतो’ असे तो मान खाली घालून सांगतो. वेश्येकडे गेल्याची कबुली हीच त्याला उपलब्ध असलेली अधिक सन्माननीय कबुली असते.

एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्राच्या नोंदवहीत संसर्गाच्या संभाव्य मार्गाचा रकाना असतो. त्यात जे लिहिले जाते ते पुढे जिल्ह्याच्या, राज्याच्या आणि देशाच्या आकडेवारीत जाते. बहुसंख्य संसर्ग स्त्री-पुरुष संबंधांतून झाल्याचे ही आकडेवारी सांगते आणि ढोबळ मानाने ते खरे आहे. परंतु हा रकाना माणसाने सांगितलेल्या गोष्टीवर भरला जातो आणि माणूस आपल्या भाषेत सांगता येईल तीच गोष्ट सांगतो. या अर्थाने नोंदवहीचा तो रकाना प्रबोधनाच्या कथानकाचीच पुढील आवृत्ती होय. समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी या दुय्यम सामग्रीवर प्रबंध लिहिताना ही गोष्ट विसरू नये.

कळण्याची भीती

हा माणूस चाचणी टाळतो ते केवळ अज्ञानाने, असे म्हणणे मात्र अर्धसत्य होईल. कळल्यामुळे काय होते याचा अनुभव मराठी-कोकणी मुलखाने फार लवकर घेतला आहे. गोव्यातील डॉमनिक डिसोझा यांनी रक्तदान केले होते. त्या रक्ताच्या तपासणीवरून फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे ६४ दिवस एकांतवासात ठेवले. त्यांच्या मातोश्री लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने कायद्यातील विलगीकरणाची तरतूद वैध ठरविली. डॉमनिक १९९२ मध्ये वारले. तत्पूर्वी त्यांनी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. आपल्याला संसर्ग आहे हे या तरुणाला डॉक्टरच्या नव्हे, तर पोलिसांच्या हातून कळले. ओनीर यांच्या ‘माय ब्रदर निखिल’ या २००५ सालच्या हिंदी चित्रपटाची प्रेरणा या घटनेत होती. त्यातील समलिंगी नायकाची कथा बहीण, आई-वडील, मित्र अशा इतरांच्या निवेदनातून उलगडते. गोव्याची ही घटना मराठीच्या उंबरठ्यावरची. तिच्यावर पहिला महत्त्वाचा चित्रपट हिंदीत व्हावा, हे मराठी चित्रपटसृष्टीला भूषणावह नाही.

कायद्याची भीती त्यानंतरही संपली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली एका प्रकरणात, रुग्णालयाने रुग्णाचा संसर्ग नियोजित वधूच्या बाजूस कळविणे योग्य ठरविले. भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ पुरुषांमधील संमतीच्या संबंधांनाही गुन्हा ठरवीत होते. हे कलम प्रतिबंधाच्या कामात अडथळा आणते, असे खुद्द राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने दिल्ली उच्च न्यायालयात २००६ मध्ये सांगितले, आणि त्याच प्रकरणात गृह मंत्रालयाने कलमाचे समर्थन केले. २ जुलै २००९ रोजी उच्च न्यायालयाने संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि तसे करताना या लोकांची संख्या अत्यल्प असल्याचा उल्लेख केला. त्याच न्यायालयापुढे आरोग्य मंत्रालयाने पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांची संख्या सुमारे पंचवीस लाख सांगितली होती. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी हे संबंध गुन्हा राहिले नाहीत. योगायोगाने त्याच महिन्यात, १० सप्टेंबरला, एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ अमलात आला. संमतीशिवाय चाचणी नाही, गोपनीयतेचे बंधन आणि नोकरी-शिक्षण-उपचारांत भेदभावास मनाई या त्यातील प्रमुख तरतुदी होत.

दिल्लीत मिळालेली गोपनीयता तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मात्र वेगळा आकार घेते. भोकरदन किंवा परतूरसारख्या गावी चाचणी केंद्राच्या बाकावर बसलेल्या माणसाला तेथील कर्मचारी, केसपेपर काढणारा, बाहेर चहाची टपरी चालविणारा अशा कोणी ना कोणी ओळखतेच. म्हणून ज्याला शक्य आहे तो साठेक किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरला किंवा थेट पुण्याला जातो. ज्याला शक्य नाही तो थांबतो. थांबण्याची किंमत अलीकडच्या उपचारांमुळे अधिकच विषम झाली आहे. १ एप्रिल २००४ पासून शासनाने विषाणुरोधक औषधे मोफत देण्यास आरंभ केला आणि २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. नियमित औषधे घेऊन रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला, तर लैंगिक संबंधांतून संसर्ग पुढे जात नाही, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. ज्याला कळले तो जवळपास सामान्य आयुष्य जगू शकतो, पत्नीला सुरक्षित ठेवू शकतो. ज्याला कळले नाही तो बऱ्याचदा क्षयरोग होऊन रुग्णालयात येतो आणि क्षयरुग्णांच्या नेहमीच्या एचआयव्ही चाचणीत उघडकीस येतो. १९८९ साली कळणे ही शिक्षा होती. आज न कळणे हीच शिक्षा आहे. मराठीतील एड्सकथा अजून बव्हंशी पहिल्या काळात अडकलेली आहे. तिच्यात निदान म्हणजे शेवटचे प्रकरण असते.

एक जुना स्तंभ

या संदर्भात मराठीने स्वतःचाच एक आदर्श विस्मृतीत टाकला आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. गुप्तरोग, संततिनियमन आणि लैंगिक वर्तन यांवर त्यांनी लिहिलेच. शिवाय वाचकांच्या पत्रांना ते मासिकातून उत्तरे देत. विचारणाऱ्याने आपण कोण हे सांगण्याची गरज नव्हती. समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनाही कर्वे पापपुण्याची भाषा न आणता, वैद्यकीय माहितीच्या पातळीवर उत्तर देत. अशाच खासगी प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. उच्च न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. कर्वे खटला हरले आणि मासिक चालू राहिले.

त्या स्तंभाचे वैशिष्ट्य असे की तो माणसाकडून ओळखीची मागणी करीत नव्हता. ‘पार्टनर’ची वाट आत्मस्वीकारातून जाते, प्रबोधनपुस्तिकेची पश्चात्तापातून, कर्व्यांच्या स्तंभात दोन्हींवाचून उत्तर मिळे. ज्या पुरुषाची चर्चा येथे केली आहे त्याला नेमके हेच हवे आहे. ‘तुम्ही कोण आहात?’ हा प्रश्न न येता ‘गेल्या वर्षभरात स्त्री किंवा पुरुष, कोणाशीही निरोधशिवाय संबंध आला असेल तर तपासणी करून घ्या’ एवढे वाक्य त्याच्या वाचनात यावे. या वाक्यातील ‘किंवा पुरुष’ हे दोन शब्द पुस्तिकेच्या छपाईचा खर्च वाढवीत नाहीत. जिल्ह्यातील महाविद्यालयांत १ डिसेंबरच्या निमित्ताने निघणाऱ्या भित्तिपत्रकांत, रेड रिबन क्लबच्या प्रश्नपेटीजवळच्या फलकावर, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातील पथनाट्याच्या संहितेत ते घालावयाचे की नाही, हे ठरविणारे हात बहुतेक ठिकाणी मराठीच्या किंवा समाजशास्त्राच्या प्राध्यापकांचे असतात.